हॅलोमावशीचा डबा

आमच्या हॅलोमावशीला समोर उभ्या असलेल्या माणसाशीही आपण फोनवर आहोत असंच बोलायची सवय होती. दार वाजलं की आतून आवाज यायचा, "हॅलो, बोला." दूधवाला बोलायचा, गॅसवाला बोलायचा, गणपतीच्या वर्गणीवाली पोरं बोलायची. मावशीचं ऐकून झालं की ती "ठेवते" म्हणायची आणि खरंच आत निघून जायची, समोरचा वाक्याच्या मध्यावर असला तरी. आपण कट झालोय हे उमजायला नवख्या माणसाला वेळ लागायचा. तो बिचारा उंबऱ्याशी तोंड उघडं ठेवून उभा, आणि आत मावशी कुकरला झाकण लावत असायची.

ती रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत टेलिफोन बोर्डावर होती. आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत ती भाड्याने राहायला आली तेव्हा मी शाळेतही जात नव्हते, त्यामुळे माझ्या लेखी ती घराबरोबरच बांधलेली होती. मूळची लांज्याकडच्या एका वाडीतली. लहानपणी गोवर आला आणि डोळे घेऊन गेला. "गोवर गेला, पण डोळे परत द्यायला विसरला," एवढंच ती त्याबद्दल सांगायची. वडील मुंबईला नोकरीला होते, त्यांनी तिला तिथल्या अंधशाळेत घातलं. तिथे ती ब्रेल शिकली, टेलिफोन बोर्ड चालवायला शिकली आणि गिरणगावातल्या अस्सल शिव्या शिकली. या तिन्ही विद्या तिने आयुष्यभर सांभाळल्या. चौथी गोष्ट मशेरीची डबी. ती तिने वाडीतून नेली होती आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

तिचा आवाज जिल्हाभर ओळखीचा होता. खणखणीत, पण कानाला न टोचणारा. "साहेब मीटिंगमध्ये आहेत" हे वाक्य ती दोन तऱ्हांनी म्हणायची. सरळ म्हटलं तर साहेब खरोखरच मीटिंगमध्ये. 'मीटिंग'वर जरा रेंगाळली तर साहेब जेवून खुर्चीत झोपलेले. हा फरक राजापूरपासून दापोलीपर्यंतच्या सगळ्या कारकुनांना ठाऊक होता, फक्त साहेबांना नव्हता.

'बिचारी' हा शब्द तिच्यासमोर काढायची सोय नव्हती. निवृत्त झाल्यावर एका मंडळाने तिचा सत्कार ठेवला. मी तिच्यासोबत गेले होते. वक्त्यांनी 'अंधारातून प्रकाशाकडे' वगैरे पाऊण तास चालवलं, मग शाल, श्रीफळ आणि एक भली मोठी फ्रेम तिच्या हातात दिली. मावशीने काचेवरून हात फिरवला आणि माइकसमोरच विचारलं, "कसलं चित्र आहे हो?"

"सूर्योदयाचं," अध्यक्ष म्हणाले.

"सुलट धरलंय ना मी? नाहीतर सूर्यास्त व्हायचा."

सभागृह हसलं. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी भाषण आटोपतं घेतलं. घरी येताना रिक्षात मावशी म्हणाली, "त्यांच्यातल्या एकालाही सुचलं नाही की हिला रेडिओ देऊया."

आता मुद्द्यावर येते. कचेरीत टेलिफोन बोर्डाच्या जागी कॉम्प्युटर आला तेव्हा मावशीला प्रशिक्षणासाठी मुंबईला धाडलं होतं. तिथे अंध ऑपरेटरांना जुन्या पद्धतीने शिकवत. पडदा काळा. त्यावर चित्रं नाहीत, बाण नाही, माऊस नाही. आपण हुकूम टाइप करायचा, कॉम्प्युटरने त्याखाली उत्तर लिहायचं आणि ते मोठ्याने वाचून दाखवायचं. मावशी त्या काळ्या पडद्याच्या प्रेमात पडूनच परत आली. निवृत्तीनंतर तिने तसलाच एक कॉम्प्युटर घरी घेतला. त्यात फोन नंबर शोधायचा एक प्रोग्राम, रोजनिशी लिहायचा एक, पुस्तकं वाचायचा एक, मेल बघायचा एक, असे बारके बारके प्रोग्राम होते. प्रत्येकाचा एक हुकूम. त्या कॉम्प्युटरला ती 'शिपाई' म्हणायची, कारण तो सांगितलं तेवढं करायचा. कचेरीतला खरा शिपाई तेवढंही करत नसे.

"हे बघ गो," ती मला सांगायची, "इथे मी सांगते आणि ते करतं. तुमच्या चित्रांच्या कॉम्प्युटरात तो दाखवणार आणि मी बघणार. मी बघणार म्हणजे माझं कपाळ."

आमच्याकडच्या खाऱ्या हवेने शिपायाचा पत्रा आतून खाल्ला. एका पावसाळ्यानंतर तो उठलाच नाही. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि नुसतं "अरेरे" म्हणाला. मग मावशीचा धाकटा भाऊ बाळ्यामामा याने तिला मोबाइल आणून दिला. बाळ्यामामा गावी शेती करायचा, साठी उलटली तरी बहिणीसाठी 'बाळ्या'च होता. एसटीने भाजीची पिशवी घेऊन यायचा, बहिणीच्या शिव्या खायचा आणि तृप्त होऊन परत जायचा.

फोन तसा बोलका होता. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते वाचायचा. अडचण अशी की बोटाखाली काय आहे ते अ‍ॅप बनवणाऱ्यांनी लिहूनच ठेवलेलं नसायचं. मी तेव्हा पुण्याच्या एका कंपनीसाठी अ‍ॅप बनवायची नोकरी करत होते. लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आले ती परत गेलेच नाही. आमचं वाणसामान मागवायचं अ‍ॅप मी मोठ्या अभिमानाने मावशीच्या फोनात घातलं. तिने बोट फिरवलं. फोन म्हणाला, "बटण. बटण. चित्र. बटण. नाव नसलेलं बटण."

मावशीने थोडा वेळ ऐकलं आणि विचारलं, "तुमची कंपनी शिंप्याची आहे काय गो?"

शिपाई गेल्यापासून तिचे मेसेज दुसरं कुणीतरी वाचून दाखवायचं. माझी आई वाचायची, मी वाचायचे, पण बाळ्यामामा आला की तो हक्काने वाचायचा, तोही ग्रामसभेत ठराव वाचावा अशा आवाजात. "ताये, डॉक्टर लिवतायत, पोट साफ व्हायचा औषध दोनदा घ्या!" हे आमच्या आळीत दोन्ही बाजूंच्या घरांना कळायचं. संध्याकाळी कोपऱ्यावरचा किराणावाला मावशीला विचारायचा, "आता बरं आहे ना?"

त्या दिवशी मावशी माझ्या खोलीत आली. शिव्या न देता आली, त्यावरूनच मी समजले. म्हणाली, "माझी चिठ्ठी दुसऱ्याने वाचायची म्हणजे माझं तोंड दुसऱ्याने धुवायचं. बाळ्याला वाईट वाटेल म्हणून बोलत नाही. तू माझा शिपाई या फोनात बसव."

मी सांगितलं की तसला काळा पडदा फोनात घालायची अ‍ॅप्स तयार मिळतात. एक घालूनही दिलं. त्यात एकेक प्रोग्राम शोधून उतरवून घ्यायचा, मग त्याला लागणारे दुसरे उतरवायचे, मग ते जुळवायचे. मावशीने दोन दिवसांत ते सगळं जमवलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "मला चालेल. शिर्क्यांना नाही चालणार."

शिर्के म्हणजे राजापूरचे. एका बँकेच्या बोर्डावर होते, तेही अंध, तेही निवृत्त. जिल्ह्यातल्या अशा जुन्या ऑपरेटरांचं एक टोळकं होतं. रोज संध्याकाळी हे सगळे फोन एकमेकांना जोडून तासभर कुटाळक्या करायचे. जन्मभर दुसऱ्यांचे फोन जोडले, आता स्वतःचे जोडत होते. त्या सगळ्यांना शिपाई हवा होता.

"त्यांना डबा हवा," मावशी म्हणाली. "झाकण उघडलं की जेवायला बसायचं. तू त्यांना तांदूळ वेगळे, डाळ वेगळी, वर चूल आणि लाकडं देतेस. हा डबा नाही, ही भातुकली झाली."

म्हणून आम्ही डबा करायला घेतला. नावही तेच ठेवलं. कॉम्प्युटरसाठी लिहिलेले प्रोग्राम फोनात जसेच्या तसे चालत नाहीत, फोनाची जात वेगळी. ते मी फोनासाठी नव्याने बांधून घेतले, सगळे एकाच अ‍ॅपमध्ये भरले आणि वर एक काळा पडदा ठेवला. टाइप करायला मावशीने छोटा कीबोर्ड घेतला होता, फोनाला वायरशिवाय जोडायचा. हुकूम मराठी ठेवायचे हा तिचा आग्रह. वाच, लिही, शोध, मोज. चुकीचा हुकूम दिला की असले प्रोग्राम इंग्रजीत ठरलेलं एक कोरडं वाक्य फेकतात. ते मावशीला पसंत नव्हतं. तिने बदलून घेतलं, "असं काही इथे नाही. नीट सांगा." शिर्क्यांनी पहिल्याच दिवशी फोन करून तक्रार केली की तुमच्या डब्यातली बाई उद्धट आहे. मावशी म्हणाली, "डब्यात बाई नाही, मी आहे."

पहिल्यांदा 'वाच' हुकूम चालला तेव्हा आम्ही तिघी तिच्या खोलीत होतो, ती, मी आणि माझी आई. फोन म्हणाला, "एक नवीन मेसेज." मावशीने हात वर करून त्याला गप्प केलं, मग आम्हा दोघींना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने ती पदर सावरत बाहेर आली.

"कुणाचा होता गं?" आईने विचारलं.

"माझा," मावशी म्हणाली.

पुढची लढाई अ‍ॅपच्या दुकानाशी. लोकांना सहज मिळावं म्हणून अ‍ॅप तिथे ठेवायचं, तर दुकानाचे नियम. अ‍ॅप आतून कसं दिसतं याची चित्रं पाठवा. मी काळ्या पडद्याची चार चित्रं पाठवली. उत्तर आलं की अ‍ॅप अपूर्ण वाटतं, दिसण्याकडे लक्ष द्यावं. मी लांबलचक खुलासा केला की वापरणाऱ्यांना दिसत नाही, तेव्हा दिसण्याचा प्रश्न येत नाही. पुन्हा तेच उत्तर. त्यावर मावशीने आपल्या बोर्डावरच्या ठेवणीतल्या इंग्रजीत मला मजकूर सांगितला, "काइंडली क्लोज युअर आइज अँड ट्राय अगेन." मी तो पाठवला. त्याला उत्तरच आलं नाही.

"त्यांना काय आवडतं?" मावशीने विचारलं.

"चित्रं आवडतात. रंग आवडतात."

"मग दे की. आरे-वारेचा समुद्र दे. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून वेडे होतात म्हणे."

मी डोंगरातल्या रस्त्यावरून काढलेला आरे-वारेचा एक फोटो उघडायच्या पानावर लावला. दोन्ही किनारे, मधला डोंगर, निळं पाणी, सगळं साग्रसंगीत. अ‍ॅपला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ज्यांच्यासाठी ते केलं त्यांच्यातल्या एकालाही तो कधी दिसणार नव्हता. अ‍ॅप लगेच मंजूर झालं. मावशी दिवसभर खूश होती. "त्यांना समुद्र दाखवला आणि आपण मागच्या दाराने आत शिरलो," असं तिने संध्याकाळी टोळक्याला सांगितलं.

मग तिचा घसा बसला. आधी सर्दी म्हणून काढे झाले, मग गुळण्या झाल्या. दोन महिने झाले तरी आवाज फाटलेलाच. बाळ्यामामा तिला कोल्हापूरला घेऊन गेला. घशात गाठ निघाली, आणि ती जिथे होती तिथून काढायची तर स्वरयंत्रच काढावं लागणार होतं. जीव वाचेल, आवाज जाईल.

ही बातमी मावशीने आम्हाला स्वतःच सांगितली, त्या फाटक्या आवाजात, आईने केलेले घावणे खाता खाता. आई रडायला लागली. मी म्हटलं, "मावशी, ऑपरेशनच्या आधी तुझा आवाज रेकॉर्ड करून ठेवूया का?"

"कशाला? वर्षश्राद्धाला लावायला?" ती म्हणाली. "त्यापेक्षा डब्यात एक नवा हुकूम घाल. मी टाइप करीन ते फोनाने मोठ्याने म्हणायचं. नाव ठेव 'म्हण'."

फोनात मराठी बोलणारे जे दोन-चार आवाज होते ते तिने एकेक करून ऐकले. आमच्या ओसरीवर जणू आवाजांचा कांदेपोह्यांचा कार्यक्रमच झाला. पहिली मुलगी फार गोड. "हिला साड्यांच्या दुकानात लाव." एक पुरुषी आवाज होता. "हा माझ्या तोंडून बोलला तर लोक माझं त्याच्याशीच लग्न लावून देतील." शेवटी एक सावकाश, सभ्य, पुण्याच्या शाळेतल्या बाईसारखा आवाज पसंत झाला. "ही शिव्या देताना बरी वाटेल," मावशी म्हणाली. नेहमीच्या वाक्यांसाठी आम्ही एकेका अक्षराची सोय केली. 'च' दाबला की "चहा टाका." 'न' दाबला की "मला धरू नका, मी आपली आपण येते." शिव्यांसाठी तिने जवळजवळ निम्मी अक्षरं राखून ठेवली.

ऑपरेशन पार पडलं. तिसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला गेले. मावशीच्या गळ्याला भोक होतं, नाकात नळी होती. बाळ्यामामा खाटेशी उभा राहून तोंड दाबून रडत होता. मावशीने चाचपून कीबोर्ड जवळ घेतला आणि त्या सभ्य बाईने खोलीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "बाळ्या, रडणं बंद कर. माझा आवाज गेलाय, कान नाही."

बाळ्यामामा हसला आणि त्याला जोरात हुंदका आला, दोन्ही एकदमच. मोठे डॉक्टर तपासायला आले तेव्हा त्यांच्या मागे पाच-सहा शिकाऊ डॉक्टर होते. त्यांनी जखम बघितली, मान डोलावली. सभ्य बाई म्हणाली, "डॉक्टर, काम छान केलंत. उद्यापासून लसणीची चटणी खाऊन येऊ नका."

ती घरी परतली आणि आळीला त्या नव्या आवाजाची सवय झाली. मच्छीवाली भाबी सुरुवातीला बिचकायची. बांगडे शिळे आहेत असं एक यंत्र तिला अतिशय शुद्ध मराठीत सांगतंय हे तिला पटेना. पुढे ती त्या यंत्राशी भांडायला लागली, तेव्हा सगळं सुरळीत झालं असं आम्ही समजलो.

त्यानंतर दुकानाचा नवा नियम आला. अ‍ॅप नव्या फोनांच्या चौकटीत बसवा, नाहीतर काढून टाकू. मी बसवलं, माझ्या फोनावर चालवून बघितलं आणि पाठवून दिलं. माझा फोन जुना होता, त्यावर सगळं ठीक चाललं. मावशीचा फोन नवा. त्याने नवीन डबा आपणहून उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मागच्या दारावर थाळी वाजू लागली. बघते तर मावशी दारात उभी, एका हातात स्टीलची थाळी, दुसऱ्या हातात फोन. तिने 'म्हण' टाइप केलं. फोन म्हणाला, "परवानगी नाही."

पुन्हा टाइप केलं. "परवानगी नाही."

शोध, वाच, लिही, सगळ्यांना तेच उत्तर. मी जुना डबा परत घालू बघितला, तो तिच्या फोनावर काही केल्या बसेना. मावशीने फोन माझ्या हातात दिला आणि माझ्या खोलीत येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. मावशी गप्प बसलेली मी तोवर कधी बघितली नव्हती. तिचे ओठ हलत होते, त्यातून नुसती हवा येत होती. मला आधी वाटलं ती रडते आहे. मग ओठांवरून शब्द लागला. तो इथे लिहिण्यासारखा नाही.

ते दोन दिवस फार वाईट गेले. तिला पाणी हवं असलं तर थाळी. दारावर कुणी आलं तर थाळी. ब्रेलमध्ये लिहून द्यायची, पण आमच्या घरात ते वाचणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी टोळक्याचा फोन आला, शिर्के "हॅलो, हॅलो" करत राहिले. मी सांगितलं की मावशीचं यंत्र बंद आहे. मग शिर्के म्हणाले, "तिला सांगा, आम्ही लाइनवर आहोत. तिला ऐकू दे." आणि तासभर ते सगळे आपापसात बोलत राहिले, आणि मावशी फोन कानाला लावून ऐकत राहिली.

मी कंपनीत आजारपणाची रजा टाकली होती. मावशी माझ्या शेजारून हलायची नाही. मी वाचेन ते तिला मोठ्याने सांगायचे, ती माझ्या खांद्यावर बोटाने ठोकायची. एकदा ठोकलं की पुढे, दोनदा ठोकलं की पुन्हा वाच. हळूहळू उलगडा झाला. नव्या चौकटीत अ‍ॅपला आपल्या कपाटात, म्हणजे फोनातल्या स्वतःच्या जागेत, ठेवलेला कुठलाही प्रोग्राम चालवायची बंदी होती. चोर शिरू नयेत म्हणून केलेला नियम, तसा रास्तच. फक्त एक कप्पा मोकळा होता. अ‍ॅपबरोबर येणारी मदतनीस सामग्री ठेवायचा तो कप्पा, आणि तिथे ठराविक पद्धतीचं नाव असलेल्यांनाच प्रवेश. मी मावशीच्या एकेका प्रोग्रामचं नाव बदललं, सगळ्यांच्या पुढे-मागे ती ठरलेली अक्षरं लावली आणि त्यांना त्या कप्प्यात नेऊन बसवलं. 'वाच' आत गेला, 'शोध' गेला, 'म्हण' गेला. कुणी हटकलं नाही.

नवा डबा तिच्या फोनात घातला आणि कीबोर्ड तिच्या पुढे सरकवला. सभ्य बाई म्हणाली, "किती वेळ लावलास गो."

मग मी काय केलं ते तिला समजावून सांगितलं. ती खूप वेळ टाइप करत होती. "म्हणजे लग्नाच्या पंगतीत मुलाकडचे म्हणून जाऊन बसायचं," फोन म्हणाला. "आमच्या कचेरीत निम्मे लोक असेच लागले होते."

आई स्वयंपाकघरातून डोळे पुसत आली. तिने मावशीला जवळ घेतलं. मावशीने तिला घेऊ दिलं, आणि एका हाताने 'च' दाबला.

पुढच्या वर्षी गाठ परत आली. यावेळी डॉक्टरांनी काही सुचवलं नाही. बाळ्यामामा तिला गावी न्यायला आला, कधीपासून तो तेच म्हणत होता, आणि कधीपासून ती त्याला उडवून लावत होती. या खेपेला ती हो म्हणाली. मी भांडले. तुझ्या वाडीत फोनाला रेंज नाही, डॉक्टर नाही, म्हटलं. ती म्हणाली, "डब्याला रेंज लागत नाही. मलाही नाही लागणार. इथे राहिले तर तुझी आई माझ्याआधी झिजेल." टेम्पोत पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर. निघताना फोन माझ्या बाजूला वळवून म्हणाली, "डब्यातल्या राजापूरच्या गाड्यांच्या वेळा जुन्या झाल्यात. शिर्के परवा स्टँडवर उन्हात बसले. दुरुस्त कर." मी त्या संध्याकाळी दुरुस्त केल्या.

ती गेल्याचं कळलं तेव्हा आई आणि मी लांज्याला गेलो, तिथून रिक्षाने वाडीत. बाळ्यामामा पडवीत बसला होता. दाढी वाढलेली. त्याने आम्हाला पाणी दिलं, चहा ठेवायला सांगितला. समोर काळा कातळ पसरला होता, त्यावर कुणाची तरी गुरं चरत होती.

"आमी ल्हान असताना गुरा घेऊन तिकडं जायचो," तो म्हणाला. "ती माज्याबरोबर यायची. मी चालता चालता गप झालो की तिला कळायचा नाय मी कुठं हाय. मग हाक मारायची, बाळ्या! मी ओ द्यायचा, एवढाच काम. पन मी मुद्दाम उशिरा द्यायचो. ती घाबरायची, मग माजा आवाज ऐकला की शिव्या घालायची."

आत कपबश्यांचा आवाज झाला. तो कातळाकडे बघतच पुढे सांगू लागला.

"शेवटल्या दिसात तिला बोटा चालवता येत नव्हती. फोन नुसता उशाला. मग मी तिच्या हाताखाली हात ठेवून बसायचो. मधी मधी हाक मारायचो, ताये. ती बोट हलवायची माज्या तळव्यावर. म्हंजे हाय."

"हो," आई म्हणाली.

"मुद्दाम उशिरा हलवायची," बाळ्यामामा म्हणाला. "माजा जीव घशाशी यायचा. मग हलवायची. हसत असायची गो, ओठावर दिसायचा मना." त्याने पंच्याने तोंड पुसलं. "मी पन मग घातल्या शिव्या. चांगल्या मुंबयच्या."